पाचारण, नोकरी आणि सद्सद्विवेक : सीमाभागातल्या ख्रिस्ती तरुणांचे वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समुदायांत, तरुणांच्या संगतीला (एकत्र प्रार्थना-अभ्यासाला) मी बारा-तेरा वर्षं जाते आहे. मी पाळक नाही. मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकले आणि छत्तीस वर्षं वेगवेगळ्या दवाखान्यांत नोकरी केली. यजमान बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत टर्नर होते, लेथ मशीनवर काम करायचे. मुलं मला मावशी म्हणतात. अभ्यास चालू असताना ती गप्प असतात आणि उपासना संपली की चपला घालता घालता खरा प्रश्न विचारतात. ते प्रश्न इथे लिहून काढले आहेत. उत्तरं माझी आहेत, कोणत्याही चर्चची अधिकृत शिकवण म्हणून वाचू नका.

पाचारण म्हणजे पाळक किंवा सिस्टर होण्याची हाक, असंच ना?

आपल्याकडे हा शब्द तेवढ्यापुरताच वापरतात, आणि त्यानं फार नुकसान झालं आहे. प्रेषित पौल इफिसच्या मंडळीला लिहितो की तुम्हांला झालेल्या पाचारणाला शोभेल असं चाला (इफिस ४:१). त्या मंडळीत दास होते, मालक होते, आया होत्या, लेकरं होती. पाचारण त्या सगळ्यांना झालं होतं. देव आधी माणसाला बोलावतो, कामाचं नंतर येतं.

मार्टिन ल्यूथरनं सोळाव्या शतकात हेच हट्टानं सांगितलं, की मठातल्या संन्याशाइतकंच पाचारण चांभाराला आणि लेकरू सांभाळणाऱ्या बाईलाही आहे. कॅथोलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ साली, पवित्रतेचं पाचारण सर्व विश्वासणाऱ्यांना आहे असं ठामपणे मांडलं. म्हणजे या बाबतीत आपल्या मंडळ्यांमध्ये भांडण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही.

आपल्याच गावचं उदाहरण घ्या. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. काही काळ त्यांनी पाळकाचं कामही केलं. पण आज मराठी माणूस त्यांना ओळखतो तो १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’मुळे, विधवांचे हाल त्यांनी लिहून ठेवले त्यामुळे. लेखणी हेच त्यांचं पाचारण होतं असं मी मुलांना सांगते.

हाक आली आहे हे ओळखायचं कसं? मला तर काहीच ऐकू येत नाही.

मलाही आलं नव्हतं. आम्ही तिघी बहिणी, वडिलांचा पगार तोकडा, आणि नर्सिंगला शिकताना विद्यावेतन मिळायचं. एवढ्या कारणानं मी मिरजेला गेले. दुसऱ्या वर्षी रात्रपाळीत जळालेल्या बाईची पट्टी बदलत होते. तिच्या नवऱ्यासकट कोणी तिच्याजवळ थांबायला तयार नव्हतं, वासामुळे. ती म्हणाली, “बाई, तू जाऊ नको.” त्या रात्री मला कळलं की मी इथे का आहे. नोकरी आधी लागली, हाक मागून आली. बऱ्याच जणांचं असंच होतं, म्हणून हाक ऐकू येईपर्यंत घरी बसून राहू नका.

पवित्र शास्त्रात शमुवेलाची गोष्ट आहे (१ शमुवेल ३). देव त्याला नावानं हाक मारतो, पण पोराला वाटतं म्हातारा एली बोलावतोय. तो तीनदा उठून एलीकडे धावत जातो, आणि तिसऱ्यांदा एलीच्या लक्षात येतं की पोराला कोण हाक मारतंय. हाक शमुवेलाला आली, ओळखली मात्र दुसऱ्यानं. म्हणून मी विचारते: तुला ओळखणारी, तुझं भलं चिंतणारी दोन-तीन म्हातारी माणसं काय म्हणतात? तू जे करायचं म्हणतोस त्याची कोणाला गरज आहे का? ते काम थोडं तरी तुझ्या हाताला जमतं का? आणि कोणी पाहत नसतानाही तू ते करशील का? या चार प्रश्नांतल्या तिनांना ‘हो’ म्हणता आलं तर पुढे पाऊल टाकायला हरकत नाही. स्वप्न पडलं, वचनाची चिठ्ठी निघाली, एवढ्यावर आयुष्याचा निर्णय घेऊ नका. खऱ्या हाकेला चार दिवस थांबायला भीती वाटत नाही.

मला सेवेत जायचं आहे, घरचे नको म्हणतात. “आधी डिग्री कर, मग बघू.”

घरच्यांचं म्हणणं लगेच विरोध समजू नका. लहान मंडळीत पाळकाच्या घरी महिन्याचा किराणा कसा भरतो ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. डिग्री करा. पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी, बंगळूरचं १९१० पासूनचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, मंगळूरचं कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेज, कुठेही गेलात तरी आधीचं शिक्षण वाया जात नाही. डिग्री होईपर्यंत रविवारची शाळा घ्या, आजाऱ्यांच्या भेटीला जा, मयताच्या घरी रात्र काढा. दोन वर्षांनी तेवढीच ओढ राहिली तर वडील स्वतः तुमची बॅग भरून देतील. भाषेचा विचार मात्र आधीच करा. सीमाभागात नुसत्या मराठीवर किंवा नुसत्या कन्नडवर पाळकपण निभत नाही, अंत्यविधीला दोन्हीकडचे नातेवाईक उभे असतात.

आणि मुलीला हाक आली तर?

मेथडिस्ट चर्चमध्ये आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. कॅथोलिक चर्चमध्ये याजकपद पुरुषांनाच आहे, धर्मभगिनींचं व्रती जीवन मात्र फार जुनं आणि समृद्ध आहे. नियम हे असे आहेत. पण घरातला प्रश्न नियमाचा नसतो. “पोरीला कुठं पाठवायचं एकटीला?” हा असतो.

अशा आई-वडिलांना मी पंडिता रमाबाईंचं सांगते. १८५८ साली त्यांचा जन्म झाला तो आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीत, गंगामूळला, मराठी बोलणाऱ्या घरात. म्हणजे आपल्यासारखंच, घरात मराठी आणि भोवती कन्नड मुलूख. दुष्काळानं निराधार केलेल्या मुली आणि विधवा डोळ्यांपुढे होत्या, त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं. ते १९२४ साली छापून पुरं झालं, रमाबाई १९२२ सालीच गेल्या होत्या. छपाईचं काम मुक्तीतल्या मुलींनीच केलं. खिळे जुळवणाऱ्या त्या मुलींची नावं कोणाला ठाऊक नाहीत. मला त्यांचं पाचारण रमाबाईंपेक्षा कमी वाटत नाही.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते. मी काय करू?

उद्यमबागेत काम करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती पोराचा हा प्रश्न असतो, आणि यावर आपल्यात एकमत नाही हे आधी मान्य करू. काही मंडळ्या म्हणतात त्या दिवशी रजाच टाका. काही म्हणतात उभं राहायला हरकत नाही, हात जोडू नका.

आमच्या यजमानांनी तीस वर्षं काय केलं ते सांगते. आदल्या दिवशी लेथ तेच धुऊन-पुसून लखलखीत करायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. ज्या मशीननं घर चाललं तिची निगा राखणं हा त्यांना देवाचा उपकार मानण्याचाच भाग वाटायचा. पूजेच्या वेळी ते मागे शांत उभे राहायचे. आरती, नारळ त्यांच्या हाती कोणी देत नसे, कारण पहिल्याच वर्षी त्यांनी मालकाला एकटं गाठून नम्रपणे सांगितलं होतं, “अण्णा, माझी श्रद्धा वेगळी आहे, पण या कारखान्याचं भलं व्हावं म्हणून मी रोज प्रार्थना करतो.” मालकांनी ते आयुष्यभर लक्षात ठेवलं.

प्रसादाबद्दल पौलाचं उत्तर १ करिंथ ८ आणि १० मध्ये वाचा. तो भांडखोर नाही आणि लेचापेचाही नाही. मूर्ती काही नाही हे तुला ठाऊक असलं तरी शेजाऱ्याचा सद्सद्विवेक दुखावू नको, असं त्याचं म्हणणं आहे. आणि नामान सेनापतीला विसरू नका (२ राजे ५). त्याचा धनी रिम्मोनाच्या मंदिरात जाताना त्याच्या हातावर टेकायचा, नामानालाही वाकावं लागायचं. त्यानं आधीच क्षमा मागितली. अलीशा संदेष्ट्यानं त्याला फैलावर घेतलं नाही, “शांतीनं जा” म्हणाला. एकट्यानं बिकट जागी उभ्या असलेल्या माणसाला आपणही तेवढी मुभा द्यावी.

लाच घेत नाही मावशी, पण द्यावी लागते. तीही पाप आहे का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. तुमचा हक्क नसलेली गोष्ट मिळावी म्हणून पैसे देता, दुसऱ्याचा नंबर मागे ढकलता, ती सरळ लाच आहे. बायबलातलं ‘अनुवाद’ हे पुस्तक (१६:१९) म्हणतं ती शहाण्यांचे डोळे आंधळे करते. पण तुमच्याच जमिनीचा उतारा, आईच्या मृत्यूचा दाखला कोणी अडवून धरतो तेव्हा तुम्ही लुटले जात असता. दोन्हीचं ओझं सारखं नाही.

लुटले जातोय म्हणून लगेच खिशात हात घालायचाही नाही. कर्नाटकात २०११ चा सकाल कायदा आहे. कोणतं काम किती दिवसांत व्हायचं ते त्यात ठरलेलं आहे, अर्जाची क्रमांकासह पोच मिळते, उशीर झाला तर दिवसाला वीस रुपये भरपाई मागता येते. आपली मुलं ही पोच मागतच नाहीत. पोच मागितली की निम्मी कामं सुरळीत होतात हा माझा अनुभव आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली पाहिजे.

सरकारी नोकरीत असलेल्यांसाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं उत्तर आहे (लूक ३). जकातदार त्याला विचारतात, आम्ही काय करावं? तो त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. ठरलंय त्यापेक्षा जास्त उकळू नका, म्हणतो. आपल्याला प्रामाणिक तलाठी हवे आहेत. चांगली मुलं ‘ती जागाच घाण आहे’ म्हणून तिकडे गेलीच नाहीत, तर त्या जागा स्वच्छ कोण करणार?

खानापूरहून गोव्याला गेलो. पणजीला कॅसिनो बोटीवर काम मिळालं आहे, पगार चांगला आहे.

तू तिथे ताटं धुतोस, पत्ते वाटतोस की लोकांना आत ओढून आणतोस, यानं फरक पडतो. पण फार नाही. त्या बोटीचा नफा लोक हरतात यावर चालतो. सुतार चांगली खुर्ची करतो तेव्हा घेणाऱ्याचंही भलं होतं. इथे गिऱ्हाईक जितकं बुडेल तितकी तुझी नोकरी पक्की. म्हणून माझं मत: दुसरं काम मिळेपर्यंत राहा, शोधणं आजपासून सुरू कर, आणि तारीख ठरव.

हे मत देणं मला सोपं आहे, कारण तुझ्या घराचा हप्ता मी भरत नाही. जी मंडळी अशा मुलाला व्यासपीठावरून दोष देते, तिच्यातल्या हॉटेलवाल्यांनी, ठेकेदारांनी, शाळेच्या कमिटीवाल्यांनी त्याच आठवड्यात त्याच्यासाठी चार फोन करावेत. नाहीतर गप्प बसावं.

निपाणीत आई विड्या वळते. तंबाखूनं माणसं मरतात. आमचं घरच पापावर उभं आहे का?

हा प्रश्न विचारणारी मुलगी रडत होती, म्हणून उत्तर सावकाश देते.

तुझी आई हजारी दरानं विड्या वळते. त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढल्या जातात, तिची मजुरी कापली जाते. पान कमी भरलं तर भुर्दंड तिला. तंबाखूची धूळ तिच्याच छातीत जाते. पिकाला योग्य भाव मिळावा म्हणून १९८१ साली याच निपाणीत शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळीबारात मेले. म्हणजे या धंद्यात पिकवणारा आणि वळणारी दोघंही पिळले गेले, पैसा मधल्यांनी आणि वरच्यांनी नेला. याकोबाच्या पत्रात (५:४) अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असं लिहिलं आहे, आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी जातं. तो जाब मालकाला विचारला जाईल. तुझ्या आईनं त्या विड्यांवर तुला शिकवलं. त्याची लाज धरू नको.

पण तंबाखूनं काय होतं हे तुला आता माहीत आहे, आणि माहीत असण्याची जबाबदारी असते. तू त्या धंद्यात भांडवल घालू नकोस. आईला विडी कामगाराचं ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी, दवाखान्याच्या सोयी मिळतात की नाही ते बघ. तोंडात फोड किंवा खोकल्याचा त्रास असेल तर तपासणीला घेऊन जा. हातशिवण, खानावळ, दुसरं काही उभं करायला मंडळीतल्या महिलांनी एकत्र यावं. आई स्वतः म्हणेल तेव्हा तिनं थांबावं, तू लाजतेस म्हणून नको.

आमचा दहा एकर ऊस आहे. मालकाला कसलं पाचारण?

तोडणीची टोळी येते तेव्हा कळतं. कोपीजवळ प्यायचं पाणी आहे का, बायांना आडोसा आहे का, लेकरं फडातच खेळतात की शाळेत जातात, बाळंतीण चौथ्या दिवशी मोळी उचलते का. मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर असतो (अनुवाद २४:१५). मुकादमाला उचल दिली आणि हात झटकले, असं नियमशास्त्र मान्य करत नाही.

सैन्यात जावं का? बेळगावचाच मुलगा आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर रोज बघतो.

ख्रिस्ती लोकांत यावर पहिल्या शतकांपासून दोन मतं आहेत. शस्त्र अजिबात नको म्हणणाऱ्या मंडळ्या आजही आहेत आणि त्यांचं म्हणणं मी आदरानं ऐकते. दुसरीकडे योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्यानं त्यांना जुलूम करू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधानी राहा एवढंच सांगितलं. कर्नेल्य हा रोमी शताधिपती विश्वासात आला तेव्हा त्याला वर्दी उतरवायला सांगितल्याचं लिहिलेलं नाही. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. पण एक विचार: २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती चार वर्षांची आहे, नंतर चौघांतला एकच कायम होऊ शकतो. पंचविशीच्या आत परत आलास तर पुढे काय, हे जाण्याआधी ठरव. आणि चुकीचा हुकूम आला तर नाही म्हणण्याची ताकद आधीपासून कमव, त्या दिवशी ती आयती मिळत नाही.

मी नर्स आहे. सोनोग्राफीच्या ठिकाणी मुलगा-मुलगी सांगतात हे मला कळलं आहे. गप्प राहू का?

नाही. गप्प राहू नको.

गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सीमाभागात लोक हद्द ओलांडून पलीकडच्या राज्यात जातात, कोणी ओळखू नये म्हणून. इशाऱ्यानं, पेढा-बर्फीच्या भाषेत सांगितलेलंही निदानच असतं. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पूवा या दोन सुइणी आहेत. फारोनं त्यांना मुलगे मारायला सांगितलं. त्यांनी देवाचं भय धरलं आणि पोरं जगू दिली. एवढ्या बलाढ्य राजाचं नाव तिथे दिलेलं नाही, या दोघींची नावं मात्र दिली आहेत. आपल्या धंद्यातल्या त्या सर्वांत जुन्या बहिणी.

एकटी लढू नको. तारीख-वार लिहून ठेव, जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. मी एका ठिकाणची नोकरी यावरून सोडली. तीन महिने घरी बसले. भाकरी कमी पडली नाही, झोप मात्र परत आली.

गर्भपात वेगळा प्रश्न आहे. १९७१ चा कायदा, २०२१ ची दुरुस्ती, त्यातल्या मुदती हे सगळं नर्सला माहीत असलंच पाहिजे. कॅथोलिक शिकवण त्याला पूर्ण नकार देते. इतर मंडळ्यांत आईच्या जिवाला धोका असताना आणि बलात्काराच्या प्रसंगी वेगवेगळी मतं आहेत. तुझा सद्सद्विवेक मदतीला नको म्हणत असेल तर तसं वरिष्ठांना आधी सांग. पण टेबलावर पडलेल्या बाईला उपदेश करू नको, ती आधीच कोणाच्या तरी निर्णयाखाली चिरडलेली असते.

वडील व्हेंटिलेटरवर आहेत. काढायला सांगितलं तर आम्ही त्यांना मारलं असं होईल का?

या प्रश्नाला मी किती घरांत तोंड दिलं असेल. दृश्य तेच असतं. आयसीयूबाहेरचा व्हरांडा, तिघं भाऊ, एक बहीण, अकरावा दिवस, अर्धा एकर विकायची बोलणी चालू. कोणीच कोणाच्या डोळ्यांत बघत नाही, कारण पैशाचा विचार मनात आला याचीच प्रत्येकाला शरम वाटते.

मरण घडवून आणणं आणि येणाऱ्या मरणाच्या वाटेतून बाजूला होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्या देशात गुन्हा आहे आणि आपल्या प्रमुख मंडळ्याही ते मान्य करत नाहीत. पण बरं होण्याची आशा उरलेली नसताना, शरीराला नुसतं ताणत ठेवणारे उपचार थांबवणं हे मारणं नव्हे. पोप पायस बारावे यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितलं होतं की असाधारण उपायांची सक्ती कोणावर नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांमधले बहुतेक विचारवंतही इथेच येतात.

सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली हा अधिकार मान्य केला आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. रुग्णालयातल्या डॉक्टरांचं एक मंडळ आणि त्यानंतर दुसरं मंडळ बघतं, घरच्यांची संमती घेतात, मग निर्णय होतो. कर्नाटकाच्या आरोग्य खात्यानं जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी आदेश काढला. शुद्धीत असताना आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येते, दोन साक्षीदार आणि नोटरीची सही पुरते. मी माझी लिहून ठेवली आहे, मुलीच्या कपाटात आहे.

उपचार थांबले म्हणजे सेवा थांबली असं नाही. ओठ ओले करायचे, कूस बदलायची, दुखू नये म्हणून औषध द्यायचं, हात धरायचा, तेविसावं स्तोत्र म्हणायचं. ऐकू शेवटपर्यंत येत असेल असं धरूनच आम्ही बोलतो. आणि पैशाबद्दल उघड बोला. डॉक्टरांना सरळ विचारा: यानं ते बरे होतील का, की फक्त दिवस वाढतील? बापानं कमावलेली अर्धा एकर नातवंडांच्या शिक्षणाला राहावी, हा विचार पाप नाही. बापाला विचारलं असतं तर त्यानंही तेच सांगितलं असतं, बहुतेक वेळा.

अवयवदान केलं तर पुनरुत्थानाच्या दिवशी काय?

मातीतून माणूस घडवणाऱ्याला एका मूत्रपिंडाची अडचण पडणार नाही. निर्धास्त दान करा. कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ ही सरकारी यंत्रणा हे काम बघते.

चर्चमध्ये ख्रिस्ती, जातीच्या दाखल्यावर दुसरंच. हे खोटं नाही का?

खोटं आहे. पण ते कोणी बोलायला लावलं तेही सांगायला हवं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. बाप्तिस्मा झाला म्हणून गावानं विहिरीवरची वागणूक बदलली नाही, फक्त सवलत गेली. आणि खरं सांगायचं तर चर्चमध्येही बसायच्या जागा, सोयरिकी, कब्रस्तानातले कोपरे जातीनं ठरलेले मी पाहिले आहेत. आपलं पाप आधी कबूल करू.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ नोकरीच्या लाभासाठी असा दाखला मागणं ही घटनेची फसवणूक आहे. म्हणजे कायद्याचा धोकाही आहे. मी मुलांना असा दाखला काढू नका म्हणते. त्यांच्या आजोबांनी काढला असेल तर त्यांना दोष देत नाही. “खरं बोल” असं ज्या मुलाला आपण सांगतो, त्याची कॉलेजची फी भरायची जबाबदारी मंडळीवर येते. दशांश (लोक मंडळीला देतात तो कमाईचा दहावा भाग) भिंतींच्या रंगाला आधी की त्या फीला आधी, हा विचार कमिटीनं करावा.

कन्नड शिकून कर्नाटक सरकारची नोकरी करणं म्हणजे मराठीशी गद्दारी का?

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचनेत हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातला तेव्हा आमच्या आई-वडिलांना कोणी विचारलं नाही. ती जखम खरी आहे, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा अजून लोंबकळतो आहे. मराठी शाळा टिकावी, सरकारी कागद मराठीत मिळावा, ही मागणी न्यायाची आहे. ती शांतपणे मांडणाऱ्या ख्रिस्ती तरुणाला मी अडवणार नाही. बस फोडणाऱ्याला अडवीन.

पण वॉर्डात बैलहोंगलची म्हातारी “नीरु बेकु” म्हणते तेव्हा तिला पाणी हवं असतं. मी कन्नड शिकले ती तिच्यासाठी. पेन्टेकॉस्टच्या दिवशी देवानं सगळ्यांना एका भाषेत आणलं नाही. ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू आलं (प्रेषित २). यिर्मया तर बाबेलात नेलेल्या लोकांना सांगतो की त्या नगराचं हित चिंता (२९:७). लंडन मिशनरी सोसायटीचे लोक १८२० साली इथे आले तेव्हापासून बेळगावच्या ख्रिस्ती घरांत दोन-तीन भाषा नांदत आल्या आहेत. घरात प्रार्थना मराठीत करा. लेकरांना मराठी वाचता आलंच पाहिजे. आणि ऑफिसात कन्नड अशी बोला की समोरच्याला परकं वाटू नये.

उपासनेत द्यायचं मनन (उपदेश) चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर चालेल का?

संदर्भ शोधायला घ्या, शुद्धलेखन तपासायला घ्या. पण जिच्या घरी काल मयत झालं ती बाई तिसऱ्या बाकावर बसलेली असते. तिच्याशी बोलायचं ते तुमच्या तोंडून यायला हवं. कोणीतरी दुसऱ्यानं लिहिलेलं स्वतःचं म्हणून वाचणं पूर्वीही चूक होतं.

निवृत्त झालो. आता माझं पाचारण संपलं का?

यजमानांनीही हाच प्रश्न विचारला होता, लेथ सुटल्यावर. सहा महिने ते खिडकीत बसून असायचे. मग शेजारच्या पोरानं सायकलची कडी आणून दाखवली, ती त्यांनी दुरुस्त केली, आणि हळूहळू गल्लीतल्या पोरांना मापं घ्यायला, कानस चालवायला शिकवू लागले. त्यांतले दोघं आता आयटीआयला आहेत.

मी रविवारी उपासनेनंतर रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन मागच्या बाकावर बसते. मोजायला थोडे येतात, बोलायला जास्त.